लोकसंख्येचे प्रकरण शिकवणाऱ्यांना एक खुले पत्र

प्रति,
नाशिक शहर व जिल्ह्यातील महाविद्यालयांत पर्यावरणशास्त्राचा अनिवार्य विषय शिकवणारे सर्व प्राध्यापक

सप्रेम नमस्कार.

गेल्या सत्राच्या उत्तरपत्रिका तपासताना ‘लोकसंख्यावाढीचे पर्यावरणावर होणारे परिणाम सोदाहरण स्पष्ट करा’ या प्रश्नाची शंभरावर उत्तरे मी सलग वाचली आणि ती जवळजवळ सगळी एकाच हाताने लिहिल्यासारखी निघाली. लोकसंख्या वाढली म्हणून झाडे तुटली, झाडे तुटली म्हणून पाऊस कमी झाला, पाऊस कमी झाला म्हणून पाणी संपले, आणि यावर उपाय म्हणजे जनजागृती. ‘सोदाहरण’ या शब्दाखाली प्रश्नपत्रिकेतच ठळक रेघ होती, तरी गोदावरीचे नाव एकाही उत्तरात नव्हते. मुलांवर रागावण्याचा मला अधिकार नव्हता, कारण ती सगळी वाक्ये माझ्याच नोट्समधली होती. त्या नोट्स मी बारा वर्षे, कागद पिवळा पडेपर्यंत, वर्गात वाचून दाखवत आले आहे. हे पत्र लिहिण्याचे कारण एवढेच आहे की येत्या जूनपासून लोकसंख्येचे प्रकरण मी तसे शिकवणार नाही, आणि आपणही शिकवू नये अशी माझी विनंती आहे.

हा विषय आपल्याकडे कसा आला ते आपणांस ठाऊक आहेच. सर्वोच्च न्यायालयाने एका जनहित याचिकेवर १९९१ साली शिक्षणाच्या सर्व टप्प्यांवर पर्यावरण हा विषय अनिवार्य करण्याचे निर्देश दिले, २००३ साली त्यांच्या अंमलबजावणीचा आग्रह पुन्हा धरला, आणि त्यानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाचा सहा महिन्यांचा अभ्यासक्रम प्रत्येक पदवीच्या विद्यार्थ्याच्या वाट्याला आला. न्यायालयाचा हेतू मोठा होता. महाविद्यालयांत मात्र हा विषय बहुतेक वेळा ज्याचा वर्कलोड कमी भरतो त्याच्या गळ्यात पडतो आणि प्रकल्प म्हणजे झेरॉक्सच्या दुकानात तयार मिळणारी, स्पायरल बांधलेली, आतल्या रंगीत चित्रांसकट दरवर्षी तीच असणारी वही. मी स्वतः असे प्रकल्प सही करून स्वीकारले आहेत. तरीही वाणिज्य, कला आणि विज्ञान या तिन्ही शाखांची मुले ज्या एकाच विषयात तेच प्रश्न ऐकतात असा दुसरा विषय आपल्याकडे नाही. म्हणून त्यात काय सांगितले जाते याला महत्त्व आहे.

माझी चूक मला ज्या प्रसंगाने कळली तो सांगते. ‘लोकसंख्यास्फोट’ हा शब्द फळ्यावर लिहून मी पाणीटंचाईकडे वळत होते, तेव्हा सुरगाणा तालुक्यातून आलेली आणि शहरात वसतिगृहात राहणारी एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, “मॅडम, आमच्या पाड्यावर चाळीस घरं आहेत. पाऊस एवढा पडतो की चार महिने कपडे वाळत नाहीत. मग एप्रिलमध्ये आमचं पाणी कोण संपवतं?” वर्गात थोडे हसू झाले. मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली. तो तास संपल्यावरही तिचा प्रश्न माझ्यापुढून हलला नाही, कारण माझ्या नोट्सच्या तर्काने त्याला उत्तरच नव्हते.

जिल्ह्याच्या नकाशाकडे पाहा. इगतपुरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर हे तालुकेही पावसाचेच. येवला, नांदगाव, सिन्नरच्या पूर्व भागात तो पाचशे-सहाशे मिलिमीटरवर येतो. दाट वस्ती, कारखाने आणि बागायत पश्चिमेच्या डोंगरात नाही, तरी उन्हाळ्यात टँकर त्याही पाड्यांवर जातो आणि बायका त्याही विहिरींच्या तळाशी उतरतात. कारण खाली सह्याद्रीचा काळा बेसाल्ट आहे. त्यात पाणी साठते ते फक्त वरच्या झिजलेल्या थरात आणि भेगांत, बाकीचे उतारावरून धावत जाते. पार, नार, दमणगंगा या नद्या पश्चिमेला वाहतात आणि पडलेला पाऊस काही दिवसांत गुजरातच्या दिशेने निघून जातो. त्या मुलीच्या पाड्यावरचे पाणी कोणीच संपवले नव्हते. ते तिथे थांबतच नव्हते, आणि ते थांबवण्यासाठी जे काम व्हायला हवे होते ते झाले नव्हते. माणसांची संख्या निम्मी केली असती तरी तिच्या आईची एप्रिलमधली खेप टळली नसती.

आता मूळ प्रकरणाकडे येते. ते ज्या क्रमाने आपण शिकवतो त्यात लोकसंख्या भूमितीय श्रेणीने आणि अन्न अंकगणितीय श्रेणीने वाढते, हे १७९८ साली माल्थसने सांगितलेले सूत्र आधी येते, मग भारताची १९५१ ची ३६ कोटी आणि २०११ ची १२१ कोटी ही लोकसंख्या, आणि मग ‘स्फोट’. आकडे खरे आहेत, पण गोष्ट अर्ध्यात सोडलेली आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, भारताचा एकूण जननदर, म्हणजे एका स्त्रीला सरासरी होणारी मुले, २.० निघाला आणि महाराष्ट्राचा १.७. पिढी जेमतेम पुरी पडण्यासाठी तो सुमारे २.१ असावा लागतो, म्हणजे आपले राज्य त्या रेषेच्या केव्हाच खाली उतरले आहे. तरीही लोकसंख्या काही दशके वाढत राहते, कारण आधीच्या पिढीत जन्मलेली तरुण मंडळी संख्येने मोठी आहेत आणि त्यांना प्रत्येकी दोनच किंवा एकच मूल झाले तरी जन्मांची बेरीज मृत्यूंपेक्षा जास्त भरते. लोकसंख्याशास्त्रात याला लोकसंख्येचा संवेग म्हणतात. जगाची लोकसंख्या नोव्हेंबर २०२२ मध्ये आठशे कोटींवर गेली, ही बातमी वाढता वेग दाखवते असे मुलांना वाटते. प्रत्यक्षात वाढीचा वार्षिक दर १९६० च्या दशकापासून उतरतो आहे.

हे शिकवण्यासाठी आलेखही लागत नाही. मी यंदा वर्गात प्रत्येकाला तीन आकडे चिठ्ठीवर लिहायला सांगितले: तुम्ही किती भावंडे, तुमची आई किती भावंडांतली, आणि आजी किती भावंडांतली. आजीचा आकडा बहुतेकांना माहीत नव्हता, म्हणून घरी फोन झाले, आणि तिथूनच तास रंगला. फळ्यावर तीन रकाने भरले तेव्हा डावीकडे दोन आणि एक यांची रांग होती, मधल्या रकान्यात चार-पाच, आणि उजवीकडे सात, आठ, नऊ. एका मुलाने सांगितले की पणजीला अकरा मुले झाली, त्यांतली पाच जगली. मृत्युदर आधी उतरतो, जन्मदर मागाहून उतरतो आणि मधल्या काळात लोकसंख्या फुगते, हे जनसांख्यिकीय संक्रमणाचे तत्त्व त्या एका वाक्यात आले. ‘लोक अडाणी आहेत म्हणून मुले होतात’ हे माझ्या नोट्समधले वाक्य त्या दिवशी मला स्वतःला लाजिरवाणे वाटले.

नाशिक शहराचे उदाहरण याहून बोलके आहे. १९९१ च्या जनगणनेत महापालिका क्षेत्रात ६ लाख ५७ हजार माणसे होती, २००१ मध्ये १० लाख ७७ हजार झाली आणि २०११ मध्ये १४ लाख ८६ हजार. पहिल्या दशकात वाढ ६४ टक्के, दुसऱ्यात ३८ टक्के. एवढी वाढ पाळण्यांनी होत नाही. सातपूर आणि अंबडच्या औद्योगिक वसाहती, शिक्षणसंस्था, मुंबई-पुण्याच्या मानाने स्वस्त घरे यांनी ती ओढून आणली, आणि आलेल्यांत धुळे, जळगाव, मराठवाडा, उत्तर प्रदेश व बिहार या सगळीकडची माणसे आहेत. २०२१ ची जनगणना झालीच नाही, त्यामुळे आजचा आकडा सांगताना आपण अंदाज सांगत आहोत हेही मुलांना सांगितले पाहिजे. आपला विषय शास्त्राचा आहे, तेव्हा मोजलेले काय आणि कल्पिलेले काय हा भेद त्यातच शिकवला जायला हवा.

मग माणसे वाढल्याने काही बिघडत नाही असे मी म्हणते आहे का? नाही. सांडपाणी डोक्यांच्या प्रमाणातच वाढते आणि ते गोदावरीत किती स्वच्छ होऊन उतरते हे उन्हाळ्यात आनंदवलीपासून दसकपर्यंत पसरणाऱ्या पाणवेलींकडे पाहून कळते. तेच पाणी पुढे गोदावरी-कादवा संगमावरच्या नांदूरमधमेश्वरला जाते. १९०७ च्या सुमारास बांधलेल्या त्या बंधाऱ्याच्या गाळात आणि उथळ पाण्यात पाणथळ जागा तयार झाली, पक्षी आले, आणि २०२० मध्ये ते महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, ठरले. शहराच्या मैल्याचा आणि रोहित पक्ष्यांचा संबंध असा एकाच नदीने जोडलेला आहे. लोकसंख्या हा हिशेबातला एक आकडा आहेच. पर्यावरणावरचा भार म्हणजे माणसांची संख्या, दरडोई उपभोग आणि तो उपभोग भागवण्याचे तंत्र यांचा गुणाकार, हे सूत्र आपण शिकवतो. शिकवताना पहिल्या आकड्यापाशी तीन तास थांबतो आणि उरलेले दोन गृहपाठाला देतो, ही माझी तक्रार आहे. भारतात दरडोई कार्बन डायऑक्साइडचे वार्षिक उत्सर्जन साधारण दोन टन आहे आणि अमेरिकेत चौदाच्या आसपास, एवढे एक वाक्यही पुरेसे असते.

दुसरा आणि तिसरा आकडा शहराला पाणी पुरवणाऱ्या गंगापूर धरणावर करून दाखवता येतो, आणि हा हिशेब वाणिज्य शाखेच्या मुलांना फार आवडतो. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, म्हणजेच सुमारे २,८३२ कोटी लिटर पाणी. शहरी पाणीपुरवठ्याचे केंद्रीय प्रमाण माणशी रोज १३५ लिटर. पंधरा लाख माणसांना त्या प्रमाणाने रोज २० कोटी २५ लाख लिटर लागतात आणि वर्षाचे मिळून सुमारे २.६ टीएमसी होतात. प्रत्यक्ष उचल याहून बरीच जास्त आहे, कारण २०११ नंतर वस्ती वाढली, उद्योग आहेत, आणि जलवाहिन्यांतून गळणारे पाणी कोणाच्याच हंड्यात पडत नाही. आता गंगापूर धरणाची मूळ उपयुक्त क्षमता सुमारे ७.२ टीएमसी होती आणि आज ती ५.६ टीएमसी धरली जाते. मधले १.६ टीएमसी गाळाने खाल्ले. पंधरा लाख माणसांची प्रमाणाप्रमाणे सात महिन्यांहून अधिक गरज भागवील एवढी जागा ब्रह्मगिरीच्या आणि आसपासच्या डोंगरांच्या वाहून आलेल्या मातीने भरून गेली आहे. हा आकडा फळ्यावर आला तेव्हा शेवटच्या बाकावरचा मोबाइल खाली ठेवला गेला, हे मी पाहिले. ‘मृदासंधारणाचे महत्त्व’ या शीर्षकाखाली मी जे पाठ करून घेत होते ते तिथे कोणालाही पाठ करावे लागले नाही.

उपभोगाचे बोलायचे तर द्राक्षांना टाळून नाशिकमध्ये ते बोलता येत नाही, आणि वर्गात निफाड, दिंडोरीच्या बागायतदारांची मुले असतात म्हणून आपण ते टाळतो. एक किलो द्राक्षांमागे जागतिक सरासरीने सुमारे ६०० लिटर पाणी लागते, त्यात पावसाचे पाणीही धरलेले आहे. कंटेनरमधून युरोपला जाते ते फळ, पण हिशेबाने त्याबरोबर इथले पाणीही जाते. यात शेतकऱ्याला दोषी ठरवण्याचा माझा हेतू नाही, कारण ठिबक सिंचन इतक्या झपाट्याने आणि इतक्या कौशल्याने फार कमी लोकांनी स्वीकारले असेल. पण ठिबकने एकरी पाणी वाचले की वाचलेल्या पाण्यावर आणखी दोन एकर बाग उभी राहते आणि विहिरीची पातळी होती तिथेच उतरते, हे माझ्या एका विद्यार्थ्याने स्वतःच्या घराचा हिशेब मांडून दाखवले. शेततळ्याचे तसेच. पावसाचे वाहून जाणारे पाणी अडवण्यासाठी म्हणून खोदलेल्या तळ्यात कागद अंथरायचा, म्हणजे जाड प्लास्टिक, जेणेकरून थेंबही मुरणार नाही, आणि मग ते बोअरच्या पाण्याने भरून घ्यायचे. जमिनीखाली सावलीत असलेले सर्वांचे पाणी वर उन्हात आणून एकाच्या मालकीचे करायचे आणि त्यातले काही वाफ होऊन जाऊ द्यायचे. जितके भरते तितकेच उपसावे, ही शाश्वत वापराची व्याख्या. ती शिकवायला याहून चांगले उलटे उदाहरण मला सापडलेले नाही. ब्रुंटलंड आयोगाची शाश्वत विकासाची १९८७ ची व्याख्या त्यानंतर सांगितली तर मुलांच्या लक्षात राहते, आधी सांगितली तर राहत नाही.

आणि सुलटे उदाहरणही आपल्याच जिल्ह्यात आहे, जे आपल्यापैकी फार थोडे जण शिकवतात. बागलाण भागात मोसम आणि आरम या नद्यांवर, तसेच शेजारच्या धुळे जिल्ह्यात पांझरेवर, काही शतकांपासून फड पद्धत चालत आली. नदीवर दगडी बंधारा, त्याला पाट, पाटाला चाऱ्या, आणि भिजणाऱ्या जमिनीचे तीन-चार मोठे भाग, ते फड. एका फडात एका हंगामात एकच पीक. शेतकऱ्याची जमीन शक्यतो प्रत्येक फडात थोडी थोडी असे, आणि नदीला पाणी किती आहे ते पाहून कोणत्या फडाला कोणते पीक व कोणता फड कोरडा ठेवायचा हे गावकरी मिळून ठरवत. त्यामुळे टंचाई आली तर ती एकट्यादुकट्याच्या शेतावर न येता सगळ्यांच्या वाट्याला थोडी थोडी येई. पाणी द्यायचे काम मालकाकडे नव्हते. ते पाटकऱ्याकडे होते, त्याला पिकातून मोबदला मिळे, आणि कोणाच्या वाफ्यात जास्त सोडावे यात त्याचा काही लाभ नव्हता. सामायिक साधनसंपत्ती लोकांच्या हाती राहिली की तिची नासाडी होणारच, असे गॅरेट हार्डिन यांच्या १९६८ च्या लेखापासून जगभरच्या वर्गांत सांगितले जाते. ते तसे होतेच असे नाही, माणसे नियम करून ती पिढ्यानुपिढ्या टिकवू शकतात, हे अमेरिकी अभ्यासक एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी अनेक देशांतल्या उदाहरणांवरून दाखवले आणि त्यांना २००९ साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. त्या प्रकारचे उदाहरण सटाण्याच्या एसटीने दिवसभरात पाहून परत येता येईल इतक्या अंतरावर आहे.

फड आता बव्हंशी खिळखिळे झाले आहेत. वर हरणबारी आणि केळझरसारखी धरणे झाली, नदीचा प्रवाह बदलला, खाली विहिरी आणि मोटारी आल्या. ज्याच्याकडे स्वतःचे पाणी आले त्याला पाटकऱ्याची आणि बैठकीची गरज उरली नाही. हेही सांगितले पाहिजे, नाहीतर आपण मुलांना जुन्या काळाची गोडगोड कहाणी सांगू. आजचा पेच मोठ्या पातळीवर तोच आहे. जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या २००५ च्या कायद्याने खोऱ्यातील टंचाई सर्वांनी समान वाटून घ्यावी असे ठरवले, आणि तेव्हापासून जायकवाडीसाठी पाणी सोडण्याचा विषय निघाला की नाशिकमध्ये आंदोलन आणि मराठवाड्यात मागणी असे दृश्य उभे राहते, मग प्रकरण न्यायालयात जाते. या वादात कोणाची बाजू बरोबर ते वर्गात सांगणे आपले काम नाही, असे मला वाटते. पण आपली अर्धी मुले ‘आमचे पाणी’ आणि मराठवाड्यातून शिकायला आलेली मुले ‘आमचे पाणी’ असे म्हणत एकाच बाकावर बसलेली असतात, आणि लोकसंख्येच्या प्रकरणात त्यांना यावर बोलण्याची जागा मिळत नाही.

म्हणून माझ्या काही प्रत्यक्ष सूचना आहेत. परीक्षेचा तो प्रश्न बदलून, दिलेल्या आकड्यांवरून एखाद्या गावाची किंवा शहराची गरज आणि उपलब्धता काढून निष्कर्ष लिहा, असा प्रश्न आपण अभ्यासमंडळाला सुचवू. तयार प्रकल्प स्वीकारणे बंद करू आणि त्याऐवजी सात दिवस घरात बादल्या मोजण्याची नोंदवही घेऊ. मी ती यंदा घेतली. सिडकोत सकाळी तासभर नळ येणाऱ्या घरातली मुलगी आणि गंगापूर रोडवर टाकी चोवीस तास भरलेली असणाऱ्या सोसायटीतला मुलगा यांनी आपापल्या वह्या शेजारी ठेवल्या, आणि दरडोई या शब्दावर मला तास घ्यावा लागला नाही. सहल नांदूरमधमेश्वरलाच न्यावी, पण नुसते पक्षी दाखवून आणू नये. वाटेत मलनिस्सारण केंद्रावर थांबावे आणि परवानगीचे पत्र महिनाभर आधी द्यावे, कारण ते मिळायला वेळ लागतो. आणि ‘लोकसंख्यास्फोट’ हा शब्द फळ्यावर लिहिण्यापूर्वी वर्गात वसतिगृहातली, पाड्यांवरून किंवा झोपडपट्टीतून आलेली जी मुले बसली आहेत त्यांना तो कसा ऐकू येतो याचा विचार करावा. गर्दी म्हणजे नेहमी दुसरे कोणीतरी, आणि ते दुसरे बहुधा गरीब असतात, अशी समजूत या एका शब्दाने किती सहज रुजते ते मी बारा वर्षे पाहिले आहे.

२०२६-२८ च्या सिंहस्थाच्या निमित्ताने शहरात पाणी, सांडपाणी आणि गर्दी यांवर सर्वत्र बोलले जाते आहे. विद्यार्थ्यांची आकड्यांशी ओळख करून द्यायला ही वेळ चांगली आहे, ती दवडू नये.

भावंडांच्या चिठ्ठ्यांचा नमुना, धरणाचा हिशेब आणि बादल्यांच्या नोंदवहीचे कोरे पान मी मराठीत टंकलिखित करून ठेवले आहे. ज्यांना हवे असेल त्यांनी आपल्या विभागप्रमुखांमार्फत कळवावे, मी पाठवीन. सटाण्याकडचे फड पाहायला सत्र सुरू होण्यापूर्वीच्या एखाद्या रविवारी जाण्याचा माझा विचार आहे. पाच-सहा जण तयार झाले तर एक गाडी करता येईल. सुरगाण्याची ती विद्यार्थिनी आता शेवटच्या वर्षाला आहे आणि तिला मी विचारले आहे. ती येते म्हणाली.

आपली,
एक सहअध्यापिका
नाशिक